पोटॅशियम चॅनेल ब्लॉकर आणि मूत्रपिंड: उंदरांवर प्रयोग सुरू करण्याआधी

'पोटॅशियम चॅनेल ब्लॉकर', म्हणजे पेशीच्या पडद्यातली पोटॅशियमची वाट (चॅनेल) बंद करणारे पदार्थ, हा एकच गट समजून कामाला लागलात, तर पहिल्याच आठवड्यात गोंधळ होतो. कुठले चॅनेल, मूत्रपिंडातल्या नलिकेच्या कुठल्या भागात आणि पेशीच्या कुठल्या बाजूला, यावर मीठ-पाण्याचा सगळा हिशेब ठरतो. म्हणून आधी रॉम्क (दुसरे नाव केआयआर १.१) हे नलिकेतले पोटॅशियम चॅनेल नीट समजून घ्या.

हेन्ले लूप, म्हणजे नलिकेचे मधले वळण, याच्या जाड चढत्या भागात, गाळल्या गेलेल्या सोडियमपैकी सुमारे २५ टक्के परत शोषले जाते. ते काम एनकेसीसी२ हा वाहक प्रथिन करतो: एका फेरीत एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड पेशीत. नलिकेतल्या द्रवात सोडियम मुबलक असते, पोटॅशियम तुटपुंजे. आत गेलेले पोटॅशियम रॉम्कमधून पुन्हा नलिकेत आले नाही, तर एनकेसीसी२ अडून बसतो. मग मीठ लघवीत जाते, मेड्युलाचा (मूत्रपिंडाच्या आतल्या भागाचा) खारेपणा उतरतो आणि एडीएच (लघवी दाट करणारे संप्रेरक) भरपूर असले तरी लघवी दाट होत नाही.

इथवर फ्युरोसेमाइड (एनकेसीसी२ रोखणारे, लघवी वाढवणारे औषध) आणि रॉम्क ब्लॉकर यांत फारसा फरक दिसत नाही. फरक पुढे, कलेक्टिंग डक्टमध्ये, म्हणजे नलिकेच्या शेवटच्या भागात आहे. तिथे रॉम्कच पोटॅशियम लघवीत सोडते, त्यामुळे ते बंद झाल्यावर पोटॅशियमची गळती आवरते. पूर्ण थांबते असे मात्र धरू नका, कारण प्रवाह वाढला की बीके ही दुसरी पोटॅशियम चॅनेल उघडतात. रॉम्क घडवणाऱ्या केसीएनजे१ जनुकातल्या बिघाडाने होणाऱ्या बार्टर सिंड्रोम टाइप २ या आनुवंशिक आजारात हेच दिसते: नवजात बाळात पोटॅशियम आधी चढलेले असते आणि पुढे ते उतरते.

ब्लॉकर निवडताना बेरियम सोपे वाटते, पण ते बरीच चॅनेल एकदम बंद करते आणि विषारीही आहे. क्रेब्ज बफर या प्रयोगातल्या क्षार-द्रावणात टाकले की सल्फेटशी जुळून पांढरा साका बसतो. मॅग्नेशियम सल्फेटऐवजी क्लोराइड घ्या, फॉस्फेटही वगळा. टीईए (टेट्राएथिलअमोनियम) बीकेला रोखते, रॉम्कला बाहेरून जवळजवळ लागत नाही. टर्शियापिन-क्यू हे पेप्टाइड रॉम्कला रोखते, पण जर्क (जीआयआरके) या वेगळ्या पोटॅशियम चॅनेललाही सोडत नाही. ग्लिबेनक्लामाइड (साखर उतरवणारे मधुमेहाचे औषध) देणार असाल तर रक्तातली साखर मोजत राहा.

नैतिक समितीची परवानगी मिळाली की उंदरांना दोन-तीन दिवस मेटाबॉलिक केजची, म्हणजे लघवी वेगळी जमा करणाऱ्या पिंजऱ्याची सवय होऊ द्या. सलाइनचा डोस सगळ्यांना वजनानुसार सारखा. लघवी जमा होताना खाद्य काढून घ्या. खाद्याचा चुरा पडला की आकडे बिघडतात. नळीत आधी थोडे मिनरल ऑइल घाला, म्हणजे बाष्पीभवन होणार नाही. ० ते ४ तास आणि ४ ते २४ तास अशा दोन वेगळ्या नळ्या ठेवा. औषध उतरले की मूत्रपिंड मीठ धरून ठेवते, आणि २४ तासांची एकच नळी घेतली तर सुरुवातीचा परिणाम त्यात बुडून जातो.

सर्वांत जास्त फसगत होते ती संहतीवर विसंबल्याने. समजा, कंट्रोल उंदराची लघवी २ मिली, पोटॅशियम १२० मिलिमोल प्रति लिटर. ब्लॉकर दिलेल्याची ५ मिली, पोटॅशियम ६०. संहती निम्मी दिसते, पण एकूण उत्सर्जन २४० वरून ३०० मायक्रोमोलवर गेलेले असते. त्यामुळे संहती गुणिले आकारमान, भागिले वजन आणि वेळ, हाच आकडा वहीत उतरवा. सोबत ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांची दाटी) आणि क्रिएटिनिनही (गाळण मोजायला वापरतात तो टाकाऊ पदार्थ) मोजा, नाहीतर गाळणच वाढले की शोषण घटले हे सांगता येणार नाही. उंदराच्या प्लाझ्मात क्रिएटिनिन मुळात कमी असते आणि ते रंगावरून मोजणारी याफे पद्धत इतर पदार्थांनाही रंग देते, म्हणून एन्झाइम पद्धत बरी.

रक्ताचे नमुनेही जपून घ्या. लाल पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटे चढते, रक्त गोठू न देणाऱ्या पोटॅशियम-ईडीटीएच्या नळीतून तर ते हमखास चढलेलेच येते. लिथियम हेपरिनची नळी आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडला (एकेक आयन वेगळा मोजणाऱ्या यंत्राला) चालते. पण तुमचा फ्लेम फोटोमीटर (ज्योतीच्या प्रकाशावरून मोजणारे यंत्र) लिथियमच अंतर्गत मानक, म्हणजे तुलनेसाठी घातलेला ठरावीक पदार्थ म्हणून वापरत असेल, तर तीच नळी सोडियम-पोटॅशियमचे दोन्ही आकडे खाली ओढते.