खाऱ्या हवेतली टूरिंग सायकल

गोव्यात सायकलचे सर्व्हिसिंग नुसते किलोमीटर मोजून ठरवता येत नाही. इथे सायकल चालवून जितकी झिजते, त्याहून जास्त ती उभी असताना गंजते. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. त्यामुळे हाताला कोरडी लागणारी चेनसुद्धा आतून ओलीच असते. हे फक्त हरमल, कळंगुट, कोलवा अशा समुद्रालगतच्या गावांत घडते असेही नाही. दिवाडी आणि चोडणच्या खाजनांच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनींच्या) बांधांवर दोन्ही बाजूंना खारे पाणीच असते. त्यात जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, आणि डिचोली-सत्तरीकडे वळलात की चिऱ्याची तांबडी माती. ही माती सँडपेपरसारखे काम करते. मीठ, पाऊस आणि माती या तिघांचा हिशेब ठेवला तर चांगली टूरिंग, म्हणजे सामान लादून लांब जायची, सायकल इथे वर्षानुवर्षे चालते.

त्याच दिवशी धुवा

ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, वेळसांवपासून मोबोरपर्यंतचा किनारा सरळ आणि लांब आहे, त्यामुळे मोह होतोच. पाण्याच्या कडेने सायकल नेलीत तर ती त्याच संध्याकाळी धुतलीच पाहिजे, दुसऱ्या दिवशी नव्हे. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग इथे मात्र समुद्री कासवे अंडी घालतात. तिथल्या वाळूवर सायकल नेऊच नका.

दोन बादल्या गोडे पाणी पुरते. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते. त्या पाण्याने धुतलेत तर मिठावर मिठाचाच हात फिरतो. साबण गाडी धुण्याचा शाम्पू असावा, कारण भांडी घासायच्या काही द्रव साबणांत मीठ असते. आधी चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा चक्र्यांचा संच) घासा, मग फ्रेम, शेवटी चाके. फ्रेमसाठी वेगळे फडके ठेवा, चेनचे फडके रिमला किंवा डिस्कला लागता कामा नये.

स्कूटर धुतात त्या सर्व्हिस सेंटरवर जोराच्या फवाऱ्याखाली सायकल देऊ नका. तो फवारा हब (चाकाचा मधला भाग), बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो ती जागा) आणि हेडसेट (हँडल वळते तिथली बेअरिंगे) यांच्या सीलमधून पाणी आत ढकलतो आणि ग्रीस बाहेर काढतो. बाहेरून सायकल चकचकीत दिसते आणि काही आठवड्यांत बेअरिंगमधून खरखर सुरू होते.

धुऊन झाल्यावर सायकल थोडी उचलून टायरवर चार-पाच वेळा आपटा, म्हणजे फटींतले पाणी गळून जाते. पावसात मोठी राईड झाली असेल तर सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, बाहेर काढा आणि सायकल उलटी करून तासभर ठेवा. सीटपोस्टच्या फटीतून उतरलेले पाणी फ्रेमच्या तळाशी, बॉटम ब्रॅकेटपाशी साचते. स्टीलची फ्रेम तिथूनच आतून कुजते.

चेन

चेन पूर्ण कोरडी करून मगच तेल द्या. ओल्या चेनवर तेल दिले तर पाणी आतच अडकते. प्रत्येक रोलरवर एकच थेंब, चेनच्या आतल्या बाजूने. टूरिंग सायकलच्या चेनला साधारण ११४ ते ११६ लिंका असतात, म्हणजे थेंबही तितकेच. पेडल वीसेक वेळा उलटे फिरवा, रात्रभर ठेवा आणि सकाळी बाहेरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून टाका. हा शेवटचा टप्पा बरेच जण गाळतात. तेल लागते ते पिन आणि रोलरच्या मध्ये. बाहेर राहिलेले तेल फक्त माती गोळा करते.

पावसाळ्यात ‘वेट’ ल्युब (चेनचे वंगण) आणि नोव्हेंबर ते मे ‘ड्राय’ ल्युब किंवा मेण वापरा. ड्राय ल्युब एका जोरदार सरीत धुऊन जाते. घरातले खोबरेल तेल लावू नका, ते पातळ असताना गळते, जुने झाले की चिकट होते. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा स्प्रे पाणी हटवायला ठीक आहे, पण वंगण म्हणून तो टिकत नाही. फवारून घाटात निघालात तर चेन सुकीच राहते.

झीज मोजायला स्टीलची पट्टी पुरते. चेन ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून मोजायला सुरुवात करा. नव्या चेनमध्ये तिथून चोविसावी पिन बरोबर ३०४.८ मिमीवर, म्हणजे १२ इंचांवर येते. ८ ते १० स्पीडची (मागे तितक्या चक्र्या असलेली) चेन ३०७ मिमीला पोचली की बदला, ११ किंवा १२ स्पीडची ३०६.३ लाच. उशीर केलात तर लांबलेली चेन कॅसेटचे दात खाते आणि नवी चेन त्या दातांवर घसरू लागते. मग चेनबरोबर कॅसेटचाही खर्च येतो. तांबड्या मातीत पावसाळाभर चालवणाऱ्याने हे माप दर महिन्याला घ्यावे.

जिथे धातूला धातू लागतो तिथे ग्रीस

ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये असेल आणि मध्ये खारे पाणी असेल, तर तिथे बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियम पांढरे पडून फुगते आणि सीटपोस्ट असा धरून बसतो की शेवटी करवतीने कापावा लागतो. उपाय पाच मिनिटांचा आहे. उंचीच्या खुणेला टेप लावा, सीटपोस्ट काढा, दोन्ही बाजू पुसा, पातळ ग्रीस लावा आणि परत बसवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी तीन महिन्यांतून एकदा. सीटपोस्ट किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस चालत नाही, कार्बन पेस्टच लागते.

हेच पेडलच्या आट्यांना लागू आहे. डावे पेडल उलट्या आट्याचे असते, ते घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटते. स्टेम (हँडल धरणारा तुकडा), बाटलीचा पिंजरा आणि कॅरिअर यांचे बोल्टही एकेक काढून ग्रीस लावून बसवा. बदलायचे असतील तर ए४ प्रतीचे स्टेनलेस बोल्ट घ्या, खाऱ्या हवेत ते ए२ पेक्षा चांगले टिकतात. ग्रीस मरीन प्रतीचे असावे. बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्यांकडे ते मिळते, आणि मालीम, वास्को किंवा कुटबण जेटीच्या आसपास असे कारागीर असतातच.

हेडसेटचे खालचे बेअरिंग सगळ्यात आधी जाते, कारण पुढच्या चाकाचे पाणी थेट तिथे उडते. लांब मडगार्ड, त्याला खाली रबरी पट्टी, एवढ्याने त्याचे आयुष्य खूप वाढते. टूरिंग सायकलला मडगार्ड नसणे ही गोव्यात मोठी चूक आहे.

चाके बांधून घेताना स्पोकचे निपल (रिमकडच्या टोकाचे नट) पितळेचेच मागा. ॲल्युमिनियमचे निपल वजनाला हलके असतात, पण खाऱ्या हवेत पिचतात आणि चाक सरळ करताना पान्यातच तुटतात.

ब्रेक

रिम ब्रेक असेल तर पावसात चिऱ्याची माती पॅड आणि रिम या दोघांनाही खाते. आठवड्याला पॅड काढून बघा. त्यात चांदीसारखे चमकणारे कण रुतलेले दिसतील, ते रिमचेच ॲल्युमिनियम असते. सुईने काढून टाका आणि पॅड सँडपेपरवर दोन-चार वेळा घासा. रिमवरची झीज दाखवणारी खाच पुसट झाली की रिम बदला. तशी रिम भरलेल्या टायरच्या दाबाने उतारावर फाटू शकते.

डिस्क असेल तर पॅडचा मसाला ०.५ मिमी उरला की नवे घाला. रोटर, म्हणजे डिस्कची चकती, नवा १.८ मिमीचा असेल तर १.५ मिमीपर्यंत चालतो. चिखलात मेटल पॅड रेझिन पॅडपेक्षा जास्त टिकतात, पण रोटर फक्त रेझिनसाठी आहे असे त्यावर लिहिले असेल तर मेटल घालू नका. चेनला स्प्रे मारताना डिस्क झाका, कारण तेल प्यालेला पॅड सहसा सुधारत नाही.

चोर्ल्याहून केरीकडे किंवा अनमोडहून मोल्याकडे सामानासह उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग कमी करा, मग सोडा, म्हणजे रिम किंवा रोटर थंड व्हायला वेळ मिळतो.

घाटाचे गिअर

सामानासह घाट चढायचा तर सगळ्यात हलका गिअर १ च्या खाली हवा, म्हणजे पुढची चक्री मागच्यापेक्षा लहान. पुढे २६ आणि मागे ३४ दात असतील तर ७००×३८ च्या (३८ मिमी रुंद टायरच्या) चाकावर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे १.६७ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्यात तर वेग ताशी ६ किमी. स्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो आणि चढ ७ टक्के धरला तर त्याला साधारण १२५ वॅट लागतात. तेच ३४×२८ च्या (पुढे ३४, मागे २८ दात) रोड सायकलवर तितक्याच फेऱ्या मारायला जवळपास १९५ वॅट लागतील. ते तासभर टिकवणे बहुतेकांना जमत नाही. मग फेऱ्या कमी होतात आणि भार गुडघ्यावर येतो. सायकल घेताना फ्रेमच्या रंगापेक्षा हा हिशेब आधी बघा.

मागचे चाक ३६ स्पोकचे असावे. सामानाने स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकाचा, कॅसेटच्या बाजूचा, हबजवळच्या वाकणात. त्या बाजूच्या बरोबर लांबीचे तीन स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून ठेवा आणि कॅसेट काढायचा टूल बरोबर घ्या. त्याच्याशिवाय ते स्पोक घालता येत नाहीत. कॅरिअरचे बोल्ट एम५, म्हणजे ५ मिमी जाडीचे, असतात. ते खडबडीत रस्त्यावर हळूहळू सैल होतात, म्हणून रोज सकाळी ॲलन की लावून बघायचे. दोन बोल्ट जास्तीचे जवळ ठेवा. जड सामान पॅनियरमध्ये (कॅरिअरच्या बाजूला टांगायच्या पिशवीत) तळाशी, पुढच्या बाजूला भरा, फक्त टाच पॅनियरला लागत नाही ना ते आधी बघा.

सामानासह ७० किलोच्या माणसाने ३८ च्या टायरमध्ये मागे ६० आणि पुढे ५० पीएसआय हवेच्या दाबापासून सुरुवात करावी. पावसात दोन्हीकडे पाचेक कमी. ओल्या ट्यूबवर पॅच धरत नाही, म्हणून भर पावसात पंक्चर झाले तर सरळ नवी ट्यूब घाला आणि जुनी मुक्कामावर कोरडी करून जोडा. सोल्युशन लावल्यावर ते पूर्ण सुकेपर्यंत तीन-चार मिनिटे थांबा, मगच पॅच दाबा. घाईत ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच दुसऱ्या दिवशी उन्हात सुटतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या बारीक तारा पडलेल्या असतात. आत राहिलेली तार नवी ट्यूबही फोडते.

फेरीबोटीत चढताना सायकलवरून उतरा. धक्क्याची उतरण शेवाळाने निसरडी असते. आत सायकल कठड्याला टेकवायची तर गिअरची बाजू बाहेर ठेवा, नाहीतर डेरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) वाकतो.

पावसाळ्यात सायकल बंद ठेवायची असेल तर प्लास्टिकने झाकू नका, आत घाम धरतो. जुने सुती कापड पुरते. टायर जमिनीपासून उंच ठेवा, चेनवर वेट ल्युबचा थर राहू द्या आणि कातड्याची सीट काढून घरात कोरड्या जागी टांगा, नाहीतर चवथीपर्यंत तिला बुरशी येते. दर पंधरा दिवसांनी चाके आणि पेडल फिरवा, ब्रेक दाबा आणि सगळे गिअर एकदा बदलून बघा. केबल जड लागली तर त्याच दिवशी काढून नवी घाला, ती पुन्हा मोकळी होत नाही.