विलापिका मोजायची कशी? 'प्रेमस्वरूप आई' घेऊन बसू

विलापिका म्हणजे शोककविता. ती आली की आपण आधी अर्थात शिरतो, डोळे भरतात आणि वृत्त राहून जातं. म्हणून आधी नुसतं मोजा. माधव जूलियनांची ही कविता सगळ्यांना पाठ असते, ती घ्या.

ऱ्हस्व म्हणजे ल (लघु, १ मात्रा), दीर्घ किंवा अनुस्वारवालं म्हणजे गा (गुरु, २ मात्रा). जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला तर तेही गा. 'प्रेमस्वरूप आई' - गागालगा लगागा. यातला 'म' दिसायला ऱ्हस्व, पण पुढच्या 'स्व'चा धक्का बसतो म्हणून गुरु. 'वात्सल्यसिंधु आई' पण तस्संच. अर्ध्या ओळीत ७ अक्षरं १२ मात्रा, पूर्ण ओळीत १४ आणि २४, मधे यती, म्हणजे थांबा. वृत्त आनंदकंद. 'सारे जहाँ से अच्छा'च्या चालीवर म्हणून बघा, बसतं.

मी पहिल्यांदा अडकलो 'मी कोणत्या उपायी'ला. 'त्या' जोडाक्षर म्हणून 'ण' गुरु धरला आणि ओळ काही केल्या बसेना. मोठ्याने म्हटल्यावर कळलं की मराठीत तिथे आघातच येत नाही, 'ण' लघुच. त्यामुळे कागदावर नाही, तोंडाने मोजा!

शुद्धलेखन बिघडलेलं दिसलं की थांबा. 'बोलावु' ऱ्हस्व, 'तुज'चं 'तूज', 'झाली'चं 'जहाली', हे सगळं वृत्तासाठी वाकवलंय. आणि हे करणारा माणूस कोण, तर 'छंदोरचना' हा वृत्तांवरचा ग्रंथ लिहिणारा :)

यमक पहिल्या दोन ओळींना साधं, आई-उपायी. खरी मजा पुढे, तिसऱ्या-चौथ्या ओळीत आहे.

तू माय, लेकरू मी, तू गाय, वासरू मी
ताटातुटी जहाली आता कसे करू मी

'मी' तसाच राहतो, गझलच्या रदीफासारखा, म्हणजे यमकानंतर न बदलता येणाऱ्या शब्दासारखा (माधवराव फारसीचे प्राध्यापक, पण ही गझल नाही हं, उगाच शिक्का मारू नका), आणि यमक त्याच्या आधीच्या 'रू'चं. 'लेकरू'च्या पोटातच 'करू' आहे, बघा म्हणून.

आता तिसऱ्या ओळीत 'तू' आणि 'मी' कुठे आहेत ते पेन्सिलीने गोल करा. दोन्ही अर्ध्यांत सुरुवातीला तू, शेवटी मी. मग चौथी ओळ. वृत्त तेच, एक मात्रा इकडची तिकडे नाही, पण 'तू'च्या जागी 'ताटातुटी' येऊन बसलीय आणि गोल करायला शेवटचा 'मी' तेवढा उरतो.