बिल्ट-इन फ्लॅशने दुसरा फ्लॅश उडवताय? या चुका टाळा

'सर, फ्लॅश उडताना डोळ्यांना दिसतोय, पण फोटो काळाच येतोय.' लग्नसराई लागली की हा मेसेज येणारच. पाठवणाऱ्याने रील पाहून फ्लॅश आणलेला असतो, स्टँड आणलेला असतो, पांढरी छत्रीही आणलेली असते. मॅन्युअल मात्र खोक्यातच, प्लास्टिकसकट.

मुळातली गोष्ट एवढीच, की कॅमेऱ्याचा बिल्ट-इन फ्लॅश लांबच्या फ्लॅशला निरोप देतो तो उजेडातून. यात रेडिओ नाही, ब्लूटूथ नाही. निरोप देण्याच्या पद्धती दोन. पहिली कमांडरची: निकॉनच्या डी९०, डी७०००, डी७२००, डी७५० अशा बॉड्यांत ती मेन्यूतच असते, आणि कॅननमध्ये २००९च्या ७डीपासून ६०डी, ७०डी, ८०डी, ७००डी वगैरेंत. यात बिल्ट-इन फ्लॅश बारीक बारीक चमकांतून कोणत्या चॅनलवर (निरोपाची वाट), कोणत्या ग्रुपने (फ्लॅशचा गट), किती पॉवरने उडायचं असं सगळं सांगतो, आणि त्याच कंपनीची भाषा कळणारा फ्लॅश ते ऐकतो. दुसरी पद्धत अडाणी स्लेव्हची, म्हणजे फ्लॅशवरचे एस१ आणि एस२ हे मोड. समोर कुणाचाही फ्लॅश चमकला की हा उडतो, त्याला कंपनी-बिंपनी काही कळत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक: बिल्ट-इन टीटीएलवर आणि स्लेव्ह एस१वर

बिल्ट-इन फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे उजेड स्वतः मोजून पॉवर ठरवणाऱ्या मोडवर, असला की आधी एक छोटी चमक मारून उजेड मोजतो आणि मग खरा उडतो. मधलं अंतर इतकं कमी की डोळ्याला दोन्ही एकच वाटतात. एस१वरचा फ्लॅश पहिल्या चमकेलाच उडून मोकळा होतो. शटर उघडतं तेव्हा तो रिकामा. म्हणून 'उडताना दिसतोय पण फोटोत नाही.'

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये साखरपुडा होता, मी पाहुणा म्हणून गेलो होतो. फोटो काढणारा मुलगा नवरीच्या आत्याच्या ओळखीतला. बोरा बाजारातून आणलेला सेकंड-हँड डी७२००, कोपऱ्यात स्टँडवर गोडॉक्सचा टीटी६००. पहिले दोन फोटो काळे आले. त्याने आयएसओ वाढवला. तरी काळे. मग स्टँडवरच्या फ्लॅशची पॉवर थेट १/१, म्हणजे पूर्ण, केली. आता प्रत्येक क्लिकला आख्खं स्टेज पांढरं होत होतं, नवरीची आजी पदराने डोळे झाकून 'अरे पुरे रे बाबा' म्हणत होती, आणि फोटोत मात्र चेहऱ्यावर बिल्ट-इनचा चपटा उजेड नि मागे अंधार. त्यात नवऱ्याच्या मित्राने स्वतःचा कॅमेरा काढला. त्याच्या फ्लॅशलाही टीटी६०० इमानेइतबारे उडायला लागला. सेल तापले, फ्लॅश पुन्हा भरायला (रीसायकल) वेळ लागू लागला आणि अंगठीचा क्षण निघून गेला. नंतर अंगठी पुन्हा घालायला लावली, तेव्हा नवरा-नवरी दोघांच्याही तोंडावर कंटाळा होता.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. डी७२००च्या कस्टम सेटिंगमध्ये ई३, बिल्ट-इन फ्लॅश टीटीएलवरून मॅन्युअलवर, पॉवर १/१२८. मॅन्युअलवर मोजणीची चमक नसते, त्यामुळे एस१ वेळेवर उडतो, आणि १/१२८चा उजेड फोटोत जवळजवळ दिसत नाही. बॉडीत मॅन्युअल नसेल तर स्लेव्ह एस२वर टाका, तो पहिली चमक सोडून दुसरीला उडतो. मी स्वतः एस२च्या वाटेला फारसा जात नाही. मॅन्युअल-एस१ ही जोडी लावली की डोक्याला ताप नाही.

आणि काही हुशार लोक बिल्ट-इन कमांडर मोडवर टाकून समोर टीटी६०० ठेवतात. कमांडरच्या चमका किती असतील त्याचा नेम नाही, आणि या फ्लॅशला ती भाषा येत नाही. एस१ नाही चालणार, एस२ही नाही. कमांडर वापरायचा तर निकॉनचा एसबी-७०० फ्लॅश किंवा गोडॉक्सच्या टीटी६८५चं निकॉनसाठीचं मॉडेल घ्या.

दुसरी लाडकी चूक: फ्लॅशचं तोंड बघायचं, डोळा बघायचा नाही

'घरी तर चालत होतं!' हे वाक्य उपवन तलावाच्या काठावर प्री-वेडिंगला आलेल्या पोरांकडून हमखास ऐकू येतं. घरी चालणारच. बेडरूमच्या पांढऱ्या भिंती आणि छतावर आपटून निरोप कुठूनही पोचतो. तलावाच्या काठी भिंत कुठून आणणार? तिथे कॅमेरा आणि स्लेव्हचा डोळा, म्हणजे निरोप पकडणारा सेन्सर, समोरासमोर दिसायलाच हवेत. आमची पोरं फ्लॅश जोडप्यामागे ठेवतात, सॉफ्टबॉक्सच्या कापडात सेन्सर गुंडाळतात आणि मग दुकानदाराला शिव्या घालतात.

सेन्सर कुठे आहे ते आधी शोधा. एसबी-७००ला तो बाजूला असतो, कॅननच्या बऱ्याच फ्लॅशना समोर, डोक्याखाली. फ्लॅशचं डोकं फिरतं ते याचसाठी: अंग कॅमेऱ्याकडे आणि डोकं जोडप्याकडे. मी स्टँड लावला की कॅमेऱ्याच्या जागी उभा राहून बघतो, सेन्सरची काच मला दिसते का. दिसली तर उडणार. निकॉन स्वतः सांगतं की समोरच्या ३० अंशांत साधारण १० मीटर, त्याबाहेर ६० अंशांपर्यंत ५ मीटर. उन्हात यावरही विसंबू नका. संध्याकाळी फेरी मारणारे काका मध्ये उभे राहिले तरी निरोप अडतो, त्यात फ्लॅशचा दोष नाही. सेन्सरवर थेट ऊन पडत असेल तर सावली करा, पुठ्ठ्याचा तुकडाही चालतो.

मिटलेले डोळे

कमांडर मोडमध्ये काही माणसांचे डोळे प्रत्येक फोटोत अर्धे मिटलेले येतात. कारण त्या आधीच्या चमका. पापण्या चपळ असल्या की खऱ्या फ्लॅशपर्यंत त्या खाली आलेल्या असतात. 'डोळे मोठे करा' असं ओरडून काही होत नाही, उलट चेहरा घाबरल्यासारखा येतो. एफव्ही लॉक वापरा: मोजणीची चमक आधी मारून घ्या, पापणी लवू द्या, हसवा, मग शटर दाबा. माझ्या बॉडीत एफएन बटणावर तेच ठेवलेलं आहे.

बाकीच्या, थोडक्यात

कमांडरमध्ये बिल्ट-इनपुढे '--' (म्हणजे फोटोसाठी उडू नकोस) ठेवलं तरी निरोपाच्या चमका उडतातच, आणि जवळच्या फोटोत त्या चष्म्यात दिसतात. निकॉनचं एसजी-३आयआर नावाचं झाकण दिसणारा उजेड अडवून इन्फ्रारेड जाऊ देतं. घरात जुन्या कलर रोलच्या निगेटिव्हचं काळं टोक पडलं असेल तर तेही चालतं, मात्र पल्ला कमी होतो.

चॅनल आणि ग्रुप दोन्हीकडे एकच हवेत. हसू नका, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मॅन्युअल फ्लॅशवर शटर १/२००च्या वर न्याल तर फोटोत काळी पट्टी येईल. काही बॉड्या १/२५० देतात, तेवढंच.

लेन्सचा हुड काढा. तो निरोपही अडवतो.

रेड-आय रिडक्शन बंद.

पाडव्याच्या शोभायात्रेत एस१ लावून स्टँड उभा करू नका. भर उन्हात तो उडणार नाही, आणि सावलीत उडाला तर आजूबाजूच्या प्रत्येकाच्या फ्लॅशला उडेल.

मग रेडिओ ट्रिगर घ्यावा का? लग्नाची कामं पैसे घेऊन करत असाल तर घ्या, त्यावर वाद नाही. टीटी६००मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर आतच आहे. पण शिकणाऱ्याने चार हजार खर्च करण्याआधी बिल्ट-इनवर हात बसवावा, असं माझं मत. उजेड कुठून येतो हे त्यात बघावं लागतं. एक मात्र लक्षात ठेवा: कॅननच्या २००डी मार्क टूसारख्या काही बॉड्यांच्या हॉट शूमध्ये (वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत) मधला कॉन्टॅक्टच नाही, त्यामुळे एका पिनचे स्वस्त ट्रिगर त्यावर उडत नाहीत. दुकानात जाताना कॅमेरा सोबत न्या आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच लावून बघा.