मुदतीआधी गर्भजल जाऊ लागल्यास या चुका टाळा

प्रसूतिकक्षात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला एक वाक्य पाठ झालेले असते: ‘‘मला वाटलं, लघवीच असेल.’’ ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी, कळा सुरू झालेल्या नसताना पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची गर्भजलाची पिशवी, फुटण्याचा प्रसंग शंभरातील साधारण तीन गर्भारपणांत येतो. त्या वेळी पाण्याचा लोंढाच येईल अशी बहुतेकींची समजूत असते. प्रत्यक्षात पिशवीला वरच्या अंगाने बारीक चीर गेलेली असली, तर पाणी थेंबाथेंबाने झिरपते, आडवे पडल्यावर आत साचते आणि उठून उभे राहिले की अचानक पायांवरून ओघळते. गर्भारपणात लघवीवरचा ताबा सैल होतो आणि अंगावरून पांढरेही जास्त जाते, त्यामुळे फसगत होणे स्वाभाविक आहे. माझा राग फसगतीवर नाही. फसगत झाली असेल का, हे विचारण्यास लावलेल्या दोन दिवसांवर आहे.

एकोणतिसाव्या आठवड्यातील एक बाई आमच्याकडे आली ती हुडहुडी भरली म्हणून. तिची ही दुसरी खेप होती, आणि पहिल्या वेळीही शेवटी शेवटी शिंकले की कपडे ओले होत, या आठवणीवर विसंबून तिने अडीच दिवस पॅड बदलत काढले होते. ताप ३८.६ अंश सेल्सिअस होता, तिची नाडी १२० आणि बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १८० होते. गर्भाशयात जंतुसंसर्ग पोहोचल्यावर थांबता येत नाही. बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला २४ तासांच्या अंतराने स्टेरॉइडची दोन इंजेक्शने देतात, पण तिला एकच देता आले आणि त्याच रात्री प्रसूती करावी लागली. बाई बरी झाली, बाळही अनेक आठवडे नवजात अतिदक्षता विभागात राहून घरी गेले. मात्र जे दोन दिवस त्या इंजेक्शनांना हवे होते, नेमके तेच तिने घरी पॅड मोजण्यात घालवले होते, हे माझ्या मनातून गेलेले नाही.

माझी पद्धत साधी आहे. ओलेपणा जाणवताच लघवी करून यावे, स्वच्छ कोरडे पांढरे पॅड लावावे, घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णालयाला फोन करून निघावे. पॅडची तपासणी वाटेत होते. त्यासाठी घरी बसून राहण्याचे कारण नाही. भिजलेले पॅड टाकून न देता पिशवीत घालून सोबत आणावे, कारण रंग आणि वास सांगून कळत नाहीत. गर्भजल सहसा पाण्यासारखे फिकट असते, त्याला लघवीचा वास नसतो आणि आवळून धरल्याने ते थांबत नाही. तरीही या खुणांवरून स्वतः निकाल देऊ नये. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, रक्त जात असेल किंवा बाळाची हालचाल मंदावली असेल, तर एवढीही तयारी करत बसू नये. योनीमार्गात नाळेसारखे काही हाताला लागले, तर ते आत ढकलू नये. गुडघे आणि छाती टेकवून, कंबर वर ठेवून रुग्णवाहिका बोलवावी.

घरच्या घरी रंग बदलणाऱ्या चाचणीपट्ट्या वापरणाऱ्यांविषयी माझे मत चांगले नाही. गर्भजल किंचित अल्कधर्मी आणि योनीमार्ग आम्लधर्मी असतो, एवढ्यावर ती पट्टी चालते. रक्त, वीर्य किंवा योनीमार्गाचा संसर्ग असला तरीही तिचा रंग बदलतो. घाई करणारी माणसे खाटेच्या दोन्ही बाजूंना असतात. एकीकडे ‘‘किती उघडलंय ते हाताने बघा ना’’ असा आग्रह धरणारे नातेवाईक, तर दुसरीकडे हातमोजा चढवून तयार असलेले नवशिके डॉक्टर. कळा नसताना केलेली बोटांची तपासणी जंतू वर नेते आणि प्रसूती लवकर होण्याची शक्यता वाढवते. निर्जंतुक स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून धरणारे उपकरण, घालून साचलेले पाणी डोळ्यांनी पाहणे, हीच पहिली तपासणी.

दुसरी चूक माझ्या विशेष नावडीची आहे: पाणी पिऊन पाणी भरून काढणे. तहान भागेल इतके पाणी प्यावेच, पण गर्भारपणाच्या उत्तरार्धात गर्भजलाचा मोठा भाग म्हणजे बाळाची लघवी असते. ते सतत तयार होत राहते आणि चीर असेपर्यंत गळतही राहते. आईने पाच लिटर पाणी प्यायल्याने चीर बुजत नाही. मग कुटुंब सोनोग्राफीच्या आकड्यामागे लागते. काल गर्भजलाचे प्रमाण सांगणारा निर्देशांक ४ होता, आज ६ झाला, म्हणून पेढे वाटायचेच बाकी राहतात. ५ सेंटिमीटरपेक्षा कमी निर्देशांक म्हणजे पाणी कमी हे खरे, पण आकडा चांगला असला म्हणून पाणमोट शाबूत आहे असे ठरत नाही, आणि जंतुसंसर्ग तर त्या आकड्यात दिसतच नाही. तो तापात, नाडीत, पोट दाबल्यावर होणाऱ्या वेदनेत आणि स्रावाच्या दुर्गंधीत दिसतो. गळती थांबली म्हणजे पिशवी सांधली, हाही भ्रम सोडावा. तसे क्वचितच घडते आणि त्यातही बहुधा सुई घालून गर्भजल तपासल्यानंतरच्या गळतीत घडते.

संसर्ग तापातून कळतो, म्हणूनच ताप न मोजता पॅरासिटामॉलची गोळी घेऊ नये. एका बाईने अंगदुखीसाठी पर्समधली गोळी घेतली आणि सकाळच्या फेरीत तिचा ताप नेमका उतरलेला होता. गोळीचे संध्याकाळी कळले तेव्हा सारी धावपळ झाली. आधी तापमापक, मग परिचारिकेला हाक आणि त्यानंतर गोळी, हाच क्रम मी प्रत्येकीकडून घोकून घेते.

टॅम्पॉन, शरीरसंबंध आणि योनीमार्ग आतून धुणे पूर्णपणे बंद ठेवावे. प्रतिजैविकाचा ठरवून दिलेला क्रम बरे वाटते म्हणून अर्ध्यावर सोडू नये. दिवसरात्र निजून राहिल्याने पाणी टिकते असे सिद्ध झालेले नाही, उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

‘‘एकदाचं बाळ काढून टाका’’ आणि ‘‘नऊ महिने भरूच द्या’’ हे दोन्ही हट्ट सारखेच निरुपयोगी आहेत. संसर्ग नसेल आणि बाळ ठीक असेल, तर ३४ आठवड्यांपर्यंत सहसा थांबतात आणि त्यापुढे ३७ पर्यंत थांबायचे की नाही, हे तपासण्या पाहून ठरते. अर्ध्याअधिक जणींची प्रसूती मात्र आठवड्याभरातच होते, म्हणून नवजात अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय पहिल्याच दिवशी गाठावे.

तेविसाव्या-चोविसाव्या आठवड्याआधी पाणी गेले, तर प्रश्न वेगळाच होतो, कारण बाळाच्या फुप्फुसांच्या वाढीलाच गर्भजल लागते आणि थांबण्यात आईला संसर्गाचा धोका असतो. गर्भारपण पुढे न्यावे की थांबवावे, हे तिला विचारण्याऐवजी दाराबाहेरच्या चर्चेत ठरलेले मी पाहिले आहे. अशा वेळी मी नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवते आणि बालरोगतज्ज्ञांना खाटेजवळ खुर्ची ओढून बसायला सांगते, कारण उभ्याउभ्या सांगितलेले तिला दुसऱ्या दिवशी आठवत नाही.