कर्क्युमिन आणि सायक्लोडेक्स्ट्रिन: संगणकावर जोडी जमवताना या चुका टाळा

सांगलीत प्रकल्पासाठी औषधी रेणू शोधायचा म्हटलं की हळदीतलं कर्क्युमिन आधी आठवतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून वाहक म्हणून बीटा सायक्लोडेक्स्ट्रिन घेतात: सात ग्लुकोजांची, तळ नसलेली वाटी. घोळ सुरू होतो तो फाइल उतरवतानाच. कर्क्युमिनची दोन रूपं असतात, डायकीटो आणि ईनॉल; फरक एका हायड्रोजनच्या जागेचा. तयार रचना बऱ्याचदा डायकीटो असते, द्रावणात मात्र कर्क्युमिन मुख्यतः ईनॉल रूपात असतं. डायकीटो रेणू मधे वाकतो, ईनॉल सपाट राहतो. चुकीचं रूप घेतलंत तर पुढची सगळी गणितं वेगळ्याच रेणूची.

डॉकिंगमध्ये, म्हणजे रेणू वाटीत कसा बसेल हे संगणकाने अजमावताना, ऑटोडॉक व्हिना या प्रोग्रॅमने बंध-ऊर्जा मोलमागे उणे ८ किलोकॅलरी दाखवली म्हणून हुरळू नका. २५ अंशांना याचा अर्थ बंध-स्थिरांक (जोडी किती घट्ट जमते त्याचं माप) सुमारे सात लाख. बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनचे मोजलेले स्थिरांक साधारण शंभर ते दहा हजारांच्या घरात असतात, म्हणजे उणे २.७ ते ५.५. व्हिनाचं गुणांकन प्रथिनांवर बेतलेलं आहे; इथे त्याचा उपयोग सुरुवातीची मांडणी मिळवण्यापुरताच. शिवाय वाटीची उंची ७.९ अँगस्ट्रॉम आणि कर्क्युमिन तिच्या दुपटीहून लांब. एक वाटी एकच टोक झाकते. त्यामुळे एका कर्क्युमिनला दोन वाट्या हे प्रमाणही तपासा, आणि रेणू रुंद व अरुंद अशा दोन्ही तोंडांतून घालून बघा.

सर्वांत छुपी चूक फोर्स फील्डची, म्हणजे अणूंमधली बलं ठरवणाऱ्या सूत्र-आकड्यांच्या संचाची. वाटीला ग्लायकॅम०६ आणि औषधाला गॅफ हे संच लावून फाइल ग्रोमॅक्समध्ये (रेणूंची हालचाल चालवून दाखवणारा प्रोग्रॅम) नेली, की १–४ अंतरक्रियांचे, म्हणजे तीन बंध दूर असलेल्या अणूंमधल्या बलांचे, गुणक आपसात भिडतात. ग्लायकॅममध्ये ते गुणक १ असतात, तर गॅफमध्ये व्हॅन डर वाल्ससाठी ०.५ आणि विद्युतभारांसाठी ०.८३३. ग्रोमॅक्सच्या टोपोलॉजीत (रेणूचे अणू, बंध आणि बलं नोंदवणारी फाइल) डिफॉल्ट्स विभागात मात्र गुणकांची एकच जोडी बसते. रन विनातक्रार चालतो, पण वाटीच्या हायड्रॉक्सीमिथाइल गटांचं वळण बिघडतं. टोपोलॉजी उघडून डिफॉल्ट्सची ती ओळ आणि पेअर्स विभागात (१–४ जोड्यांची यादी) वेगळी मूल्यं लिहिली आहेत का, हे डोळ्यांनी पाहा. जमत नसेल तर हा रन सरळ ॲम्बर या दुसऱ्या प्रोग्रॅममध्येच करावा. तिथे गुणक प्रत्येक वळणासोबत लिहिलेले असतात.

‘औषध वाटीतून उडालं’ ही नेहमीची तक्रार. आधी आरएमएसडीचा (अणू मूळ जागेपासून सरासरी किती हलले त्याचं माप) आलेख बघा. उडी सिम्युलेशनच्या खोक्याच्या लांबीएवढी आणि अचानक असेल, तर रेणू फक्त सीमेपलीकडे दिसतोय. ग्रोमॅक्सच्या ट्रजकॉन्व्ह आज्ञेने नोजंप (सीमेवरच्या उड्या काढणारा पर्याय) लावा, मग वाटीला केंद्रस्थानी आणा. हळूहळू सरकत बाहेर गेला असेल तर मात्र ते खरं.

एमएम-पीबीएसए या पद्धतीने रनमधून काढलेला बंध-ऊर्जेचा आकडाही फुगतो, कारण बहुतेक जण एन्ट्रॉपी सोडून देतात. शिवाय ४ नॅनोमीटरच्या घनात एक वाटी म्हणजे सांद्रता सुमारे २६ मिलिमोलर. अंब्रेला सॅम्पलिंगनंतर (रेणू वाटीबाहेर टप्प्याटप्प्याने, एकेका खिडकीत धरून ऊर्जा मोजण्याची पद्धत) १ मोलरची प्रमाण-अवस्था दुरुस्ती केली नाही, तर प्रयोगाशी तुलना करू नये. खिडक्या ०.१ नॅनोमीटरच्या ठेवा; शेजारचे हिस्टोग्राम एकमेकांवर चढत नसतील तिथे मधे आणखी एक घाला.

लाइट गेली तरी रन पहिल्यापासून सुरू करू नका. ग्रोमॅक्स एरवी दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट (तिथवरच्या स्थितीची नोंद) लिहितं. सीपीआय पर्यायाने तिथूनच पुढे चालवा.