कॅन्सरसारखा दिसणारा टीबी: रेडिओलॉजीच्या नव्या रेसिडेंटांसाठी

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी एका ३४ वर्षांच्या बाईंच्या पोटाचा सीटी माझ्याकडे आला. पोटात पाणी, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जाड झालेलं, सीए-१२५ (ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये वाढणारा रक्तातला मार्कर) चारशेच्या पुढे. मी ‘ओव्हरीचा कॅन्सर, पेरिटोनियमभर पसरलेला’ (पेरिटोनियम म्हणजे पोटाचं आतलं अस्तर) असं लिहून मोकळी झाले. घरच्यांना त्याच संध्याकाळी तसं सांगितलं गेलं. लॅपरोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यात केझिएटिंग ग्रॅन्युलोमा, म्हणजे मध्यभागी पनीरसारख्या मेलेल्या, सुजेच्या बारीक गाठी निघाल्या. टीबी होता. गोळ्यांनी त्या बऱ्या झाल्या. पण रिपोर्ट येईपर्यंतच्या अकरा दिवसांत त्यांनी धाकट्या मुलाला बहिणीकडे ठेवायचं ठरवून टाकलं होतं. हे मला नंतर वॉर्डमधल्या सिस्टरकडून कळलं.

तो स्कॅन मी पुन्हा उघडला. पेरिटोनियम जाड होतं, पण सगळीकडे सारखं आणि गुळगुळीत. कॅन्सरमध्ये ते बहुतेकदा गाठाळ, खडबडीत असतं. दोन्ही ओव्हरी नीट होत्या. मेसेंटरीतल्या (आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या) लिम्फ नोड्स मध्यभागी काळ्या आणि कडेनं उजळ होत्या, आयलिओसीकल भागाची (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथली) भिंत सुजलेली होती. टीबीच्या या सगळ्या खुणा समोर असूनही मी सीए-१२५चा आकडा आधी वाचला आणि मग चित्राकडे पाहिलं. पेरिटोनियमला कशानंही सूज आली तरी हा मार्कर वाढतो, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. तेव्हापासून मी आधी स्कॅन बघते, रक्ताचे रिपोर्ट मागाहून.

मणक्यांतही हाच घोळ होतो. मेटास्टॅसिस (दुसरीकडून पसरलेला कॅन्सर) सहसा डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, सोडून देतो आणि पेडिकल (मणक्याचा मागे जोडणारा दांडा) धरतो. टीबी दोन शेजारच्या मणक्यांमधून डिस्ककडे सरकतो, बाजूला पू साठवतो. पण सुरुवातीच्या टीबीत डिस्क शाबूत असू शकते, म्हणून डिस्क चांगली दिसली की ‘मेट्स’ लिहायची घाई करू नका. मेंदूतल्या कडेनं उजळणाऱ्या गाठीला एमआरआयचा डिफ्यूजन सिक्वेन्स (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणारा) नक्की पाहा. पुवाच्या गळवात मधला भाग पांढरा चमकतो, ग्लिओमाच्या (मेंदूच्याच पेशींतल्या ट्यूमरच्या) मधल्या मृत भागात सहसा नाही. स्पेक्ट्रोस्कोपीत (गाठीतली रसायनं मोजणाऱ्या एमआरआयत) ट्युबरक्युलोमा, म्हणजे टीबीची गाठ, लिपिडचं टोक दाखवतो, ग्लिओमात कोलीन चढतं. २०२१मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसची लाट आली, तेव्हा सायनसचं हाड खाणारी बुरशी ट्यूमरसारखीच दिसते हे आम्ही रोज पाहिलं.

पेट-सीटीबद्दल नवख्यांचा मोठा गैरसमज असतो. त्यात टोचतात ते एफडीजी हे साखरेचंच रूप. कॅन्सरच्या पेशी ते ओढतात, आणि ग्रॅन्युलोमातल्या चवताळलेल्या मॅक्रोफेजही (जंतू गिळणाऱ्या पेशी) ओढतात. एसयूव्ही (एफडीजी किती ओढलं त्याचा आकडा) २.५च्या वर म्हणजे कॅन्सर, हा हिशेब टीबीच्या देशात चालत नाही. छातीतल्या नोड्स लखलखल्या म्हणून रुग्णाची स्टेज वाढवू नका. आधी त्यातली एखादी सुईनं तपासायला सांगा.

उलटी चूकही तितकीच जीवघेणी आहे, किंबहुना मला तिची जास्त भीती वाटते. फुप्फुसाच्या वरच्या लोबमधली सावली पाहून, थुंकीत काहीच न सापडता, एकेटी (टीबीची औषधं) सुरू होते, आणि सहा महिन्यांनी तीच सावली दुप्पट होऊन परत येते. एकाच फुप्फुसात दोन्ही आजारही असतात. म्हणून ‘टीबीच आहे’ असंही ठामपणे लिहू नका. काय दिसलं ते लिहा, दोन शक्यता क्रमानं द्या आणि सर्वांत सोपी बायोप्सी कुठून घेता येईल ते सांगा. सर्जनला फोन करा. नुसता कागद पाठवून हे भागत नाही.

आता त्या बाईंच्या केसमधली दुसरी चूक, जी मला वर्षभरानं कळली. त्यांचा सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला होता. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही (लॅबमध्ये जंतू वाढवता येत नाहीत), आणि जंतू औषधाला दाद देणार की नाही हे कळायचा रस्ता बंद होतो. त्यांना साधी औषधं लागू पडली, प्रत्येकाला पडतीलच असं नाही. म्हणून तुमच्या हातून सुई जाणार असेल तर संशय कॅन्सरचा असला तरी दोन बाटल्या तयार ठेवा: एक फॉर्मेलिनची पॅथॉलॉजीसाठी, दुसरी साध्या सलाईनची सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी. दोन्हींवर नाव, वेळ आणि बाजू लिहून, सलाईनची बाटली त्याच तासात लॅबमध्ये पोचवा.