फेलोशिप मिळाली म्हणजे नक्की काय मिळालं, हे ओळखायचं कसं

फॅमिली ग्रुपवर "ताईला फेलोशिप मिळाली" असा मेसेज पडला की धडाधड केक आणि टाळ्या सुरू होतात, आणि मग एखादे काका विचारतात, म्हणजे नोकरी लागली का गं? लोक हसतात त्यांना, पण प्रश्न बरोबर आहे. कारण या एकाच नावाखाली महिन्याला ३७ हजार मिळणारी पण माणसं आहेत आणि स्वतःच्या खिशातून फी भरणारी पण आहेत. त्यामुळे कोणतीही फेलोशिप समोर आली, स्वतःची असो की दुसऱ्याची, तर आधी दोन गोष्टी विचारायच्या. पैसे कोण कोणाला देतंय आणि बदल्यात काय करायचंय. एवढ्यावर बहुतेक गुंता सुटतो.

सगळ्यात जास्त गोंधळ जेआरएफचा, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांची ज्युनियर रिसर्च फेलोशिप. ती युजीसी नेट परीक्षेतून ठरते, ही परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते, वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सायकल, सायन्सवाल्यांना सीएसआयआर-युजीसी नेट वेगळी. आता घरच्यांना वाटतं निकाल लागला म्हणजे पैसे सुरू. तसं नसतं! जेआरएफ क्वालिफाय होणं म्हणजे फक्त पात्र ठरणं, पीएचडीला अ‍ॅडमिशन घेऊन जॉईन झाल्याशिवाय एक रुपया येत नाही. आणि नेट पास झालेला प्रत्येक जण जेआरएफ नसतो, जून २०२४ पासून तर निकालात तीन कॅटेगरी आहेत, एक जेआरएफ, दुसरी असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी प्रवेश, तिसरी नुसता पीएचडी प्रवेश. फेलोशिपचे पैसे फक्त पहिल्या कॅटेगरीत, म्हणून अभिनंदन करायच्या आधी (किंवा पार्टी मागायच्या आधी) कुठली ते विचारा.

पैशाचं गणित असंय की १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी कमिटीसमोर काम दाखवून एसआरएफ, म्हणजे सिनियर रिसर्च फेलो झालात की ४२,०००, एकूण पाच वर्षं. हॉस्टेल मिळालं नसेल तर एचआरए म्हणजे घरभाडं वेगळं, ते शहरानुसार बदलतं. पुस्तकं, झेरॉक्स, फील्डवर्क यासाठी कंटिन्जन्सी असते पण आर्ट्सवाल्यांना ती सुरुवातीची दोन वर्षं वर्षाला १०,००० एवढीच, म्हणजे एखादा आर्काइव्हचा दौरा केला की संपली. आणि पीएचडीची मुदत सहा वर्षांपर्यंत असते, फेलोशिप पाचच वर्षं, म्हणजे थिसिस लिहायच्या ऐन धामधुमीत पैसे बंद होऊ शकतात, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. दर महिन्याला तुमच्या युनिव्हर्सिटीने पोर्टलवर कन्फर्मेशन टाकावं लागतं, ते राहिलं की पैसे अडकले, त्यामुळे ते काम बघणाऱ्या क्लार्कशी गोड बोलून रहा, गाईडपेक्षा जास्त उपयोग तिथे होतो 😄

जेआरएफ नाही झालं तर महाराष्ट्रात दुसरे रस्ते आहेत, पीएचडीसाठी फेलोशिप देणाऱ्या राज्य सरकारच्या संस्था. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी उमेदवारांसाठी सारथी, ती पण पुण्यालाच, ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्यासाठी नागपूरची महाज्योती. नियम आणि जागा वर्षावर्षाला बदलतात, त्यामुळे सिनियरच्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका, चालू वर्षाची जाहिरात वाचा. पीएचडी रजिस्ट्रेशनचं पत्र, जातीचं सर्टिफिकेट, डोमिसाईल एवढं आधीच स्कॅन करून ठेवा. आणि एक गोष्ट सगळीकडे सारखी, एका वेळी एकच फेलोशिप, दुसरीकडे पगार चालू असताना ही घेता येत नाही, तसं लिहून द्यावं लागतं आणि नंतर उघड झालं तर वसुली लागते.

दुसरा प्रकार म्हणजे अभ्यास नाही तर काम करायची फेलोशिप. मुख्यमंत्री फेलोशिप घ्या, २०१५ ला सुरू झाली, मधे बंद पडली आणि २०२३ ला परत आली. वय २१ ते २६, ग्रॅज्युएशनला ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव, मराठी नीट लिहिता-बोलता यायला पाहिजे, आणि मग सरकारी ऑफिसात वर्षभर काम. पण ही सरकारी नोकरी नाही, वर्ष संपलं की संपलं, कायम होण्याचा हक्क नाही. टीच फॉर इंडिया पण यातलीच, २००९ ला मुंबई आणि पुण्यात सुरू झाली, दोन वर्षं फुल टाइम वर्गात शिकवायचं. माझं मत विचाराल तर अशा ठिकाणी अर्ज करताना स्टायपेंडच्या आकड्यापेक्षा राहायचा खर्च कोण देतं आणि संपल्यावर जुने फेलो कुठे गेले हे बघा, लिंक्डइनवर चार जणांना मेसेज टाकला तर एखादा तरी उत्तर देतोच.

डॉक्टरांचं वेगळंच. एमडी, एमएस झाल्यावर एखाद्या बारीक विषयात अजून ट्रेनिंग घेतात त्याला पण फेलोशिपच म्हणतात. एफएनबी, म्हणजे फेलोशिप ऑफ नॅशनल बोर्ड असेल तर त्या राष्ट्रीय बोर्डाची एंट्रन्स देऊन जावं लागतं आणि स्टायपेंड मिळतो, इतर बऱ्याच फेलोशिपना कुठे स्टायपेंड तर कुठे उलटी फी. म्हणून अर्ज करण्याआधी लेखी विचारा की सर्टिफिकेट कोण देणार, युनिव्हर्सिटी की नुसतं हॉस्पिटल.

मानाची फेलोशिप मागून मिळत नाही. साहित्य अकादमीची महत्तर सदस्यता, म्हणजे त्यांची फेलोशिप, एका वेळी जास्तीत जास्त २१ हयात लेखकांकडे असते, संगीत नाटक अकादमीची विजय तेंडुलकरांना मिळाली होती. आपल्या मुंबईचे इंजिनिअर अर्देशिर कर्सेटजी १८४१ मधे लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. याउलट "तुमची फेलो म्हणून निवड झालीये, फक्त प्रोसेसिंग फी भरा" असा मेल आला तर सरळ डिलीट. काही खऱ्या संस्था सभासद वर्गणी घेतात हे खरं, पण तिथे अर्ज तुम्ही केलेला असतो, त्या आपणहून मागे लागत नाहीत.

आणि शेवटचा प्रकार, जिथे पैशाचा संबंधच नाही. ख्रिस्ती शेजारी म्हणाले की रविवारी संध्याकाळी आमच्याकडे फेलोशिप आहे, तर त्याचा अर्थ घरी जमून प्रार्थना, गाणी, थोडं वाचन आणि बहुतेक वेळा चहा-नाश्ता. बोलावलं तर जा, फॉर्म भरायचा नसतो. तसंच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, १९३५ ला अमेरिकेत सुरू झालेली, स्वतःला फेलोशिपच म्हणवते, फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. त्यामुळे तिथला कोणी "मी फेलोशिपमधे आहे" म्हणाला तर चारचौघात पुढे चौकशी करू नका, नाव गुप्त ठेवणं हा त्यांचा नियम आहे. घरातल्या कोणासाठी माहिती हवी असेल तर ओपन मीटिंग कधी असते ते विचारा, तिला कोणालाही बसता येतं, क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःला हा त्रास आहे त्यांच्यासाठी. आणि बायको, आई, मुलं यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळे ग्रुप असतात, पिणारा माणूस स्वतः यायला तयार नसला तरी तिथे जाता येतं.